साथ येण्यापूर्वीचा ठराव

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या घोडेगावास त्याचे महत्त्व रस्त्याने आणि बाजाराने दिले आहे. जनावरांच्या बाजारासाठी दूरदूरचे शेतकरी व व्यापारी येथे उतरतात, कांद्याच्या लिलावासाठी वाहनांची रीघ लागते आणि शनिशिंगणापूरला निघालेले यात्रेकरू येथूनच वळतात. ज्या गावी इतकी माणसे येतात आणि त्याच दिवशी आपापल्या गावी परततात, त्या गावाने इन्फ्लुएन्झाच्या महासाथीची तजवीज शांत काळातच, ग्रामसभेच्या लेखी ठरावाने करून ठेवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रोगाचा संसर्ग ताप चढण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच होऊ शकतो. त्यामुळे जिल्ह्याच्या कचेरीतून हुकूम सुटून तो गावच्या दप्तरी रुजू होईपर्यंत एखादा बाजार भरून उठलेलाही असतो. म्हणून आशा सेविकांनी घरोघरच्या तापाची नोंद आरोग्य केंद्राकडे कोणत्या वारी द्यावी, नोंदी किती वाढल्या म्हणजे बाजार स्थगित करावा आणि तो निर्णय कोणाच्या सहीने व्हावा, हे आधीच ठरलेले असावे. या रोगावरील औषध पहिल्या 48 तासांत दिल्यास अधिक गुणकारी ठरते, हेही अशा नोंदीचे एक प्रयोजन आहे.

परंतु बाजार बंद करणे म्हणजे हमालाची चूल बंद करणे होय, आणि या प्रश्नाचे उत्तर नसलेला कोणताही बंदोबस्त टिकणार नाही. 1918 साली पाऊस फसला आणि त्याच शरदात इन्फ्लुएन्झाची दुसरी, अधिक घातक लाट आली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली, आणि 1921 च्या खानेसुमारीत नगर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने घटलेली आढळली. त्या घटीत रोगाचा वाटा होता, तसाच अन्नटंचाईचाही होता. तेव्हा हमाल, शेतमजूर आणि एकट्या वृद्धांची यादी व त्यांच्या शिध्याची तरतूद हे ठरावाचे पहिले कलम असले पाहिजे.

हे गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांची पथके नेमून, घरोघर तपासणी करून 2021 च्या मे महिन्यात गाव कोरोनामुक्त केले. आणि 2022 मध्ये लम्पी रोगापायी जनावरांचे बाजार बंद ठेवण्याचा अनुभव आपल्या पशुपालकांनी घेतलाच आहे. 2024 पासून अमेरिकेत दुभत्या गाईंनाही बर्ड फ्लूच्या विषाणूची बाधा होत असल्याचे आढळल्यामुळे, जनावरांचा बाजार भरणाऱ्या गावाच्या समितीत पशुवैद्यकालाही मानाचे स्थान हवे.

घोडेगावच्या सरपंचांनी आणि बाजार समितीच्या संचालकांनी हा विषय येत्या ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि मतदारांनी त्या सभेस अगत्याने उपस्थित राहून तो मंजूर करून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.