मनगटावरचा मोजणीदार

तुम्ही कधी मोजणीदार पाहिलाय का? दोन भावांत बांधावरून वाजलं, की तालुक्याहून मोजणीदार येतो. पूर्वी त्याच्याजवळ ३३ फुटांची लोखंडी साखळी असायची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशोब तुमच्या आजोबांना तोंडपाठ असेल, विचारून बघा! आता साखळी गेली. मोजणीदार एका काठीवर पांढरं टोपीसारखं यंत्र बसवतो, काठी बांधावर उभी करतो आणि थोडा वेळ गप्प उभा राहतो. ते यंत्र आकाशातल्या उपग्रहांचं ऐकत असतं.

अगदी तसाच, पण आकाराने लिंबाएवढा एक मोजणीदार सध्या माझ्या मनगटावर आहे. मी रोज पहाटे गावाच्या रस्त्याला धावते हे पाहून सैन्यातल्या माझ्या धाकट्या भावाने यंदाच्या भाऊबीजेला ओवाळणीत जीपीएसचं घड्याळ घातलं. किती अंतर धावलं, किती वेळात, छातीचे ठोके किती, सगळं ते सांगतं. मी ते शाळेत घालून गेले मात्र, आणि वर्गात एकच गलका! "बाई, बघू ना!" "बाई, हे किती खरं सांगतं?"

किती खरं सांगतं? प्रश्न एकदम नामी होता. मी म्हटलं, चला, घड्याळाचीच परीक्षा घेऊ.

आमच्या शाळेच्या मैदानावर क्रीडास्पर्धांसाठी फक्कीने आखलेली २०० मीटरची धावपट्टी होती. टेप लावून ती आम्हीच आखली होती, त्यामुळे तिच्याबद्दल शंका नव्हती. पाचवीतल्या एका मुलाच्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि त्याला दहा फेऱ्या मारायला लावल्या. म्हणजे बरोबर २ किलोमीटर व्हायला हवेत. घड्याळ म्हणालं, २.०७!

"बाई, घड्याळ खोटं बोलतं!" पोरांनी निकालच देऊन टाकला.

थांबा जरा. धावणारा नेमका कुठून धावला? मैदानात धुरळा होता, त्यात पावलं स्पष्ट उमटली होती. ती रेघेवर नव्हती, रेघेच्या साधारण मीटरभर बाहेर होती. मग काय, आम्ही खुंटी ठोकली आणि सुतळीने दोन वर्तुळं काढली, एक दोन मीटर त्रिज्येचं, दुसरं तीन मीटरचं. दोन्हींचा घेर टेपने मोजला. फरक आला सहा मीटर आणि वर एक वीतभर. वर्तुळ लहान असो की मोठं, मीटरभर बाहेरून फिरलात की घेर तेवढाच वाढतो. वरच्या वर्गातल्या मुलांना याचं सूत्र माहीत असेल. आमच्या पाचवीला ते अजून शिकवलेलं नाही, म्हणून सुतळी! दहा फेऱ्यांचे झाले ६३ मीटर. म्हणजे तो मुलगा खरोखरच दोन किलोमीटरपेक्षा जास्त धावला होता. राहिलेल्या पाच-दहा मीटरचा हिशोब तेवढा घड्याळाने द्यायचा.

मग दुसरी परीक्षा. शाळेमागे चिंचेची जुनी झाडं आणि इमारतीची भिंत आहे, त्या बोळातून सगळ्यांनी पळापळी केली. संध्याकाळी फोनवर नकाशा उघडला तर काय! आमचा एक पहिलवान थेट खिचडी शिजवायच्या खोलीच्या छपरावरून धावलेला. मुलं हसून हसून लोळली.

हे असं का होतं? त्यासाठी थोडं आभाळात जावं लागेल.

पावसाळ्यात वीज चमकली की तुम्ही आकडे मोजता ना? वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर. किती वेळ लागला यावरून किती लांब ते कळलं. घड्याळ हेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरींवर. अमेरिकेचे तीसेक जीपीएस उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि सारखे ओरडत असतात, 'मी अमुक, मी आत्ता इथे आहे, आता इतके वाजलेत.' रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर पळते. उपग्रह अगदी डोक्यावर असला तर तिला आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. घड्याळ तो वेळ मोजतं आणि उपग्रह किती लांब ते काढतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली, की आपली जागा सापडते. चौथा कशाला लागतो? तर आपल्या मनगटावरच्या स्वस्त घड्याळाची चूक पकडायला.

चूक परवडत नाही, बरं का! सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग चुकला, तरी ३०० मीटरचा घोटाळा होतो. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात. आणि इथे एक मोठी गंमत आहे. आइन्स्टाइनचं म्हणणं असं, की वेगाने जाणारं घड्याळ किंचित मागे पडतं आणि जिथे गुरुत्वाकर्षण कमी तिथलं घड्याळ किंचित पुढे जातं. उपग्रहाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी लागू होतात. बेरीज-वजाबाकी करून ते घड्याळ रोज सेकंदाच्या दहा लाखांतले ३८ भाग पुढे पळतं. ही चूक आधीच सुधारली नसती, तर एका दिवसात अकरा किलोमीटरचा फरक पडला असता. म्हणजे नगरच्या माळीवाडा स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला घड्याळाने चांदबिबीच्या महालाच्या वाटेला लावलं असतं! (तो महाल म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

तर चिंचेखाली काय झालं, ते आता कळलं असेल. काही लहरी पानांत अडल्या, काही भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने घड्याळापर्यंत आल्या. त्यांना उशीर झाला. उशीर म्हणजे अंतर जास्त असं घड्याळाला वाटलं, आणि पोरगा छपरावर गेला. उघड्या माळावर तेच घड्याळ तीन-चार मीटरच्या आत राहतं. एके काळी एवढंही मिळत नव्हतं. अमेरिकेने सामान्य लोकांसाठीचे संदेश मुद्दाम अंधुक ठेवले होते, शंभरेक मीटरची चूक व्हायची. मे २००० मध्ये हे बंद झालं. पण दुसऱ्याच्या हातातल्या दोरीवर किती दिवस चालायचं? आपल्या इस्रोनेही १ जुलै २०१३ ला स्वतःच्या 'नाविक' प्रणालीतला पहिला उपग्रह सोडला आणि २९ मे २०२३ ला सोडलेल्या उपग्रहात भारतात बनवलेलं अणुघड्याळ बसवलं.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलं हा लेख वाचून हट्ट धरतील, धरू देत. अशी घड्याळं काही हजारांपासून पुढे मिळतात. शाळकरी मुलाला त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मोजलेलं मैदान आणि साधं स्टॉपवॉच पुरतं. घरात कुणाकडे असं घड्याळ असेलच, तर धावण्याचा नकाशा सगळ्या जगाला दिसेल असा ठेवू नका. स्ट्राव्हा नावाच्या ॲपने जगभरच्या धावपटूंचे मार्ग एका नकाशावर उजळून दाखवले होते. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की वाळवंटात, जिथे काहीच नसावं तिथे, चमकत्या रेघा दिसताहेत. त्या होत्या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या! आपलं नगर तर लष्कराचं गाव, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमचं मूल रोज किती वाजता कोणत्या वाटेने जातं, हेही अनोळखी माणसाला कळायचं कारण नाही.

घड्याळाला न जमणारी गोष्टही सांगते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे, तिथले अविनाश साबळे तुम्हाला माहीत असतीलच. ३००० मीटर स्टीपलचेस ही त्यांची शर्यत. धावता धावता २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या पार करायच्या! २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण मिळवणाऱ्या केनियाच्या धावपटूची वेळ होती ८ मिनिटं ११.१५ सेकंद. फरक सेकंदाच्या शंभर भागांतले फक्त ५ भाग! जमिनीवर हा फरक तुमच्या कंपासपेटीशेजारच्या ३० सेंटिमीटरच्या फूटपट्टीएवढा. तीन-चार मीटर चुकणारं घड्याळ इथे काय निवाडा देणार? तिथे अंतिम रेषेवरचा कॅमेराच लागतो.

हेच साबळे लहानपणी सहा किलोमीटर चालत किंवा पळत शाळेत जायचे, असं सांगतात. हे ऐकून आमच्या वर्गातली एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, मग माझंही मोजा ना."

ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून येते. शाळेच्या पायरीवर उभं राहिलं की तिच्या घराचे पत्रे चमकताना दिसतात. त्यामुळे तिला उशीर झाला की बाकीची पोरं चिडवतात, "एवढं जवळ तर घर आहे हिचं!" आमची शाळा पाचवीपर्यंत. सहावीसाठी पुढच्या गावाला जावं लागतं. घरी अजून ठरत नव्हतं, पोरीला पुढे पाठवायचं की नाही. कागदावर त्या गावाचं अंतर 'अंदाजे ३ कि.मी.' असं लिहिलेलं होतं. हा आकडा साधासुधा नाही हं! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली आपल्या राज्याने २०११ मध्ये जे नियम केले, त्यात सहावी ते आठवीची शाळा मुलाच्या घरापासून ३ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय. ती त्याहून लांब असेल, तर मुलांच्या जाण्यायेण्याची सोय करायची जबाबदारी सरकारची आहे.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. ती, तिच्या तीन मैत्रिणी, तिचे वडील आणि मी. वस्तीपासून सहावीच्या शाळेच्या फाटकापर्यंत. फोनच्या नकाशावर सरळ रेघ ओढली तर २.८ किलोमीटर भरत होती. पण माणूस काही कावळा नाही! ओढ्याला पूल नाही म्हणून वरच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं, मग उसाच्या कडेकडेने गाडीवाट, मग कुठे डांबरी रस्ता. घड्याळ म्हणालं ४.४१. एका मोजणीवर कोण विश्वास ठेवतो? पुढच्या दोन शनिवारी पुन्हा चाललो. ४.३७ आणि ४.४३.

तरीही चिंचेखालचा पराक्रम सगळ्यांच्या लक्षात होता. "बाई, उसातही असंच झालं असलं तर?" म्हणून साक्षीला दुसरा साक्षीदार आणला, तोही साधासुधा नाही. मोठमोठ्या मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटरचा रस्ता आजही सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावतात, आणि रस्ता चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तच धरतात. यंत्र आमच्याकडे कुठलं! मुलींनी चाकाला लाल रिबीन बांधली. चाकाचा एक फेरा टेपवर मोजला, २ मीटर ८ सेंटिमीटर भरला. मग एकीने सायकल ढकलायची, दुसरीने फेरे मोजायचे, तिसरीने दर शंभराला वहीत रेघ ओढायची. दगडधोंड्यांतून, चिखलातून अडीच तास लागले. २१२० फेरे झाले. गुणाकार तुम्हीच करा. सुमारे ४ किलोमीटर ४१० मीटर! घड्याळ आणि चाक एकमेकांना न विचारता एकच बोलले.

घरी परतल्यावर तिच्या आजीला आकडा सांगितला. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "दीड कोस हाय म्हनून मी कवाधरनं सांगतीय. कोन आयकतंय!"

दोन्ही मोजण्यांचा तक्ता, वाटेचा नकाशा आणि वडिलांचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत वर पाठवलाय. उत्तर अजून यायचंय. वडिलांनी मात्र सहावीच्या शाळेत जाऊन तिथल्या गुरुजींची गाठ घेतली.

तोवर तुम्हाला एक काम. चाकाला रिबीन बांधा आणि तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचे फेरे मोजून मला कळवा. सोबत कुणीतरी मोठं माणूस घ्या आणि सायकल रस्त्याच्या कडेने ढकलतच न्या. निघायच्या आधी घरातल्या आजी-आजोबांना त्यांचा अंदाज विचारून कागदावर लिहून ठेवायला विसरू नका!