‘उप’ व्हा, पण आधी सही कुणाची ते विचारा

मागच्या सत्रात विद्यापीठातून मेल आला. विविधता आणि समावेशन समितीचं उपाध्यक्षपद मला द्यायचं ठरलं होतं. वर अभिनंदन, खाली तीन फुलांची चित्रं. मी आनेकलमध्ये भाड्याच्या खोलीत राहते. जिगणी आणि बोम्मसंद्रच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या तरुणांवर पीएचडी करते. त्या रात्री आईला फोन लावला. तिने विचारलं, “अध्यक्ष कोण हाय?” मी नाव-आडनाव सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अन् सही कुणाची चालणार?”

आईने राज्यशास्त्र शिकलेलं नाही. तिने माझ्या आत्याचं सरपंचपद पाहिलं आहे. आमच्या गावात सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी सुटलं आणि आत्या सरपंच झाली. उपसरपंच मात्र गावातल्या मोठ्या वाड्यातला. पाच वर्षं आत्याने चेकवर सह्या केल्या आणि कोणत्या चेकवर करायच्या ते त्याने ठरवलं. लोक कामासाठी त्याच्या ओट्यावर जायचे. महाराष्ट्रात सरपंचपदाला आरक्षण आहे, उपसरपंचपदाला नाही. त्यामुळे गावातल्या सत्ताधारी जातीला ‘उप’ होण्यात कमीपणा वाटत नाही. त्यांना ठाऊक असतं की खुर्ची पाच वर्षांची आहे आणि ओटा कायमचा.

आता चित्र उलटं करून बघा. आपल्यातला माणूस ‘उप’ झाला की काय होतं? मग अचानक ‘उप’ म्हणजे खरोखरच उप होतो. सही वरच्याची आणि फोटो आपला.

म्हणून मला ‘प्रतिनिधित्व मिळालं’ हे वाक्य ऐकलं की धडकी भरते. उपमुख्यमंत्री हे पद संविधानात कुठेही नाही. अनुच्छेद 164 मध्ये मुख्यमंत्री आहे आणि इतर मंत्री आहेत, बस्स. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं की उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच असतो. म्हणजे त्या पाटीला स्वतःचं वजन नाही. वजन येतं ते खात्यातून, पक्षातून, पैशातून आणि जातीतून. महाविकास आघाडीच्या सरकारात अजित पवार उपमुख्यमंत्री होते तेव्हा राज्याची तिजोरी त्यांच्याकडे होती. 2023 मध्ये कर्नाटकात डी. के. शिवकुमार उपमुख्यमंत्री झाले तेव्हा बंगळुरूच्या विकासाचं खातं आणि पक्षाचं प्रदेशाध्यक्षपद दोन्ही त्यांच्या हातात होतं. त्यांना कुणी ‘समावेशन’ म्हटलं नाही.

त्याच कर्नाटकात मे 2018 मध्ये डॉ. जी. परमेश्वर उपमुख्यमंत्री झाले. ऑस्ट्रेलियातून डॉक्टरेट केलेला दलित नेता, अनेक वर्षं प्रदेशाध्यक्ष राहिलेला. सुरुवातीला गृहखातं त्यांच्याकडे होतं. सात महिन्यांत, डिसेंबरच्या फेरबदलात, ते काढून एका लिंगायत नेत्याकडे गेलं. पद तेच राहिलं, पोलीस गेले. दोनच महिन्यांनी परमेश्वर जाहीरपणे म्हणाले की दलित असल्यामुळे त्यांचं मुख्यमंत्रिपद हुकलं. पुढच्या सरकारात तीन उपमुख्यमंत्री नेमले गेले: एक वोक्कलिग, एक लिंगायत आणि एक दलित, गोविंद कारजोळ. आंध्रात 2019 मध्ये पाच झाले, पाच समाजघटकांसाठी एकेक. ताटात लोणचं वाढावं तशी पदं वाढली. भाकरी मुख्यमंत्र्यांच्याच ताटात राहिली. कर्नाटकाला आजवर दलित मुख्यमंत्री मिळालेला नाही.

आणि पद मिळालं म्हणून वेस ओलांडता येते असंही नाही. मी राहते तो आनेकल मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. इथून ए. नारायणस्वामी चार वेळा आमदार झाले. 2019 मध्ये ते चित्रदुर्गचे खासदार झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पावगड तालुक्यातल्या पेम्मनहळ्ळीच्या गोल्ला वस्तीवर गेले. तिथल्या गरिबांच्या घरांचा आणि सोयींचा प्रश्न घेऊनच गेले होते. लोकांनी त्यांना दलित म्हणून वेशीवरच थांबवलं. बाहेर खुर्ची दिली, आत येऊ दिलं नाही. अडवणारे कुणी जमीनदार नव्हते, तेही मागास पशुपालक समाजाचेच. खासदार परत फिरले. 2021 मध्ये ते केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री झाले. राज्यमंत्री, म्हणजे तिथेही वर एक कॅबिनेट मंत्री. मला त्यांचं राजकारण पटत नाही. पण वेशीबाहेरची ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आपल्याला देऊ केलेली कितीतरी पदं तशीच असतात. बसायला जागा असते, आत जायला वाट नसते.

यावर आपलेच मित्र म्हणतात, “निदान आत तरी जा. बाहेर राहून काय मिळणार?” प्रश्न खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. बाबासाहेबही मंत्रिमंडळात गेले होते. पण 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात हिंदू कोड बिलाच्या आधी त्यांनी काय मांडलं ते वाचा. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतलं नाही. एखादा मंत्री काही दिवस परदेशी गेला तर त्याचं खातं तेवढ्यापुरतं सांभाळायलाही आपला विचार झाला नाही. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष चार दिवसांच्या हंगामी कामालाही चालत नव्हता! बाबासाहेबांनी ही तक्रार मानपानाची म्हणून केली नाही. समिती कोणती, खातं कोणतं, निर्णय कुठे होतो, असा त्यांचा हिशेब होता. आपण फक्त त्यांच्या कोटाचा फोटो घेतला, हिशेब घेतला नाही.

म्हणून मी पद नाकारा असं म्हणत नाही. आपण घरातले पहिले पदवीधर आहोत. कंपनीत डेप्युटी मॅनेजर, संघटनेत उपाध्यक्ष, संस्थेत सहसमन्वयक, ही पदं आता आपल्या दारात येणार आहेत. आईवडिलांना आनंद होईल, गावात बॅनर लागेल. बॅनर लागायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा. कोणती फाइल माझ्याकडे येणार? किती रकमेपर्यंत खर्च मी मंजूर करू शकते? बैठक मी बोलावू शकते का? आणि अध्यक्ष नसतील तेव्हा सही माझी चालेल का?

हे चार प्रश्न मी मेलवर पाठवले. उत्तर मेलवर आलं नाही, चहाला बोलावणं आलं. “इतकं औपचारिक कशाला? आपण सगळे एकच कुटुंब आहोत.” आमच्या गावातल्या त्या ओट्यावरही आत्याला हेच ऐकायला मिळायचं. तिलाही ‘घरचीच’ म्हणायचे, चहाचा कप मात्र वेगळा असायचा. मी पद घेतलं नाही. हे लिहिताना भीती वाटत नाही असं नाही. माझा प्रबंध अजून जमा व्हायचा आहे आणि समितीतली माणसं विभागातही आहेत.

दोन आठवड्यांनी ते पद एका ज्युनियरला देऊ केलं गेलं. आपल्याच समाजातला, आईवडील ऊसतोड कामगार. त्याने फोन केला. “ताई, घेऊ का? घरी पहिल्यांदाच कुणालातरी अध्यक्षाच्या शेजारी खुर्ची मिळतीय.” अशा वेळी त्याला चमचा म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. कांशीरामांचा तो शब्द आपण एकमेकांवर इतका फेकतो की चमचा ज्या हातात असतो तो हात बघायचंच राहून जातं. मी त्याला नको म्हटलं नाही. तेच चार प्रश्न पाठवले आणि सांगितलं की त्यांच्याखाली या वेळी दोघांची नावं घालू.

एकट्या माणसाला चहा पाजून गप्प करता येतं. देऊ केलेलं पद दहाजणांनी एकामागून एक घ्यायच्या आधी हेच चार प्रश्न लेखी विचारले, तर त्यांना एकतर उत्तर द्यावं लागेल किंवा समितीवरचं ‘समावेशन’ पुसावं लागेल. दोन्हींत आपलं नुकसान नाही.

त्याने काल मेल पाठवला आहे. खाली माझंही नाव आहे.

जयभीम.