केस गेले ते कशानं?

परवा नेसरीत बचत गटाची बैठक उरकली आणि एक जण मागं थांबली. पदर जरा सरकवून म्हणाली, "वहिनी, चाई पडलीय बघा. कुणाला सांगू नका हं." रुपयाएवढा गुळगुळीत डाग होता. सहा महिने कांद्याचा रस चोळून झाला, कुणी दिलेलं तेल लावून झालं, पण डॉक्टर काही गाठला नव्हता. "केसांसाठी कुठं दवाखान्यात जायचं? लोक हसतील!"

मला बुलढाणा आठवलं. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव भागातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा १८ गावांत २७९ जणांचे केस गेले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. त्यात कॉलेजच्या मुलीही होत्या. लग्नाच्या वयाच्या पोरीचं असं झाल्यावर त्या घरात काय झालं असेल, हे मैत्रिणींनो, मी सांगायला नको.

आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर. तो खारपाणपट्टा, त्यामुळे पाण्यावर बोट ठेवणं सोपंच होतं. दिल्लीहून आयसीएमआर आणि एम्सची पथकं आली, नमुने गेले. त्याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं पोहोचले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी नावाजलेले, २०२२ चे पद्मश्री. त्यांनी रक्त, लघवी, केस तर तपासून घेतलेच, शिवाय घरातला रेशनचा गहूही तपासायला दिला. मला यातलं हेच फार मोलाचं वाटतं. बाई आजारी पडली की तिच्या ताटात काय होतं, हे विचारतं कोण?

गव्हात सेलेनियम निघालं, किलोला साडेचौदा मिलिग्रॅम. हे खनिज शरीराला लागतं, पण दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम. त्या गव्हाच्या पाव किलोच्या चपात्या खाल्ल्या तर पोटात साडेतीन हजारांवर जातात. वरची सुरक्षित मर्यादा ४०० ची! आणि आपण बायका गहू धुऊन, वाळवून गिरणीत नेतो ना? धुतल्यावरही साडेतेरा उरलं. म्हणजे घरच्या स्वच्छतेनं यातलं काही सुटत नव्हतं.

गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचं बावस्करांनी म्हटलं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनीत सेलेनियम जास्त असतं, हे जुनंच ज्ञान आहे. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात पिकांतून असंच विष भिनलं, लोकांचे केस आणि नखं गेली. बुलढाण्यातही पुढं एप्रिलमध्ये नखं गळायला लागली. बावस्करांच्या निष्कर्षावर वाद झाला, तो होऊ दे. पण धान्य गावात पोहोचण्याआधी त्यात काय आहे हे बघायचं काम कुणाचं, हा प्रश्न त्या वादात विरून जायला नको. शेजारणीनं सांगितलं "रेशनचा गहू सोडून द्या", तर ज्यांचं घरच त्या गव्हावर चालतं त्यांनी खायचं काय?

आमच्या बाईची गोष्ट वेगळी. चाईत शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटते. संशोधन त्यातही पुढं गेलंय. मोठ्या प्रमाणावर केस गेलेल्यांसाठी बॅरिसिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाली. पण एखाद्या छोट्या डागाला तिची गरज नसते. पुष्कळदा मलम किंवा डागातच दिलेलं इंजेक्शन पुरतं, कधी केस आपसूकही येतात. बाळंतपण, टायफॉईड, डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस तर निराळेच, ते बहुतेक वेळा परत येतात. फरक डॉक्टरच सांगणार, तेलवाला नाही.

एवढं सगळं तिला सांगितलं. गडहिंग्लजला कातडीच्या डॉक्टरांकडं जायचं ठरलंय. "पदर घेऊनच येईन हं," म्हणाली. म्हटलं, घे बाई, पण चल.