होटगीचा तलाव, मोबाइलच्या पडद्यावर

सोलापूरहून निघालेला विजयपूरचा लोहमार्ग जेथे फुटतो, त्या होटगीच्या तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. असा विस्तीर्ण देखावा 120 फिल्मवर टिपलेला असेल, तर 56 मिलिमीटरच्या चौरस निगेटिव्हमध्ये काठच्या बाभळींची फांदीन् फांदी सामावते. ती 2400 डीपीआयने स्कॅन केल्यास प्रत्येक बाजूस सुमारे 5300 बिंदू मिळतात. ते चित्र तसेच व्हॉट्सॲपवर टाकले, की ॲप ते आपल्या मर्जीने आक्रसते आणि फांद्यांचा नुसता धूर होतो.

म्हणून प्रत काढून तिची बाजू 1600 बिंदूंवर आणावी. शार्पनिंग त्यानंतर, अल्प त्रिज्येने करावे. आधी केलेले शार्पनिंग लहान करताना बहुतांशी विरून जाते. येथेही परिमाणव्रत पाळणे बरे! अतिरेक झाला, की पाणी व आकाश यांच्या सीमेवर पांढरी कड उमटते, निवांत पाणी खरखरीत दिसते. आकाश तर त्यातून वगळावेच.

मूळ स्कॅन टिफ स्वरूपात निराळे ठेवावे. लहान प्रत त्यावर चुकून साठवली, तर गेलेले बिंदू परत येत नाहीत. आणि चातुर्मासाच्या दमट हवेत तोवर निगेटिव्हला बुरशी लागलेली असू शकते.