शब्दांचा रतीब

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीला जाणाऱ्या जंगलजेट्टीची, म्हणजे फेरीबोटीची वाट बघत उभी असलेली कॉलेजची पोरं काय करतात? मोबाइलवर आलेला 'आजचा इंग्रजी शब्द' पुढे ढकलतात. संध्याकाळी तो कुणालाही आठवत नाही. शाळांच्या फळ्यांवरही हाच रतीब. माझा राग इंग्रजीवर नाही, रोज एका शब्दाने इंग्रजी येते या फसवणुकीवर आहे.

हिशेब तरी करा. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी अडखळल्याशिवाय वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात, असं पॉल नेशन या अभ्यासकाने 2006 मध्ये मांडलं. दिवसाला एक धरा. 8,000 व्हायला जवळजवळ 22 वर्षं लागतात, तीही एकसुद्धा न विसरता. आणि आपण विसरण्यात पटाईत. 2017 मध्ये शशी थरूर यांनी ट्विटरवर 'फरागो' लिहिलं, सगळ्या देशाने कोश उघडला. त्यानंतर तो शब्द तुम्ही कधी वापरलात? मीही नाही.

बोटीवर नोकरी हे या किनाऱ्यावरच्या कितीतरी पोरांचं स्वप्न. मग जहाजावरची इंग्रजी कशी असते, तेही बघा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांसाठी ठरीव वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात समानार्थी शब्द मुद्दाम टाळलेत. एका गोष्टीला एकच शब्द, तोही साधा. धुक्यात समोरून जहाज येत असताना कुणाचा शब्दसंग्रह किती भारी, याला कुत्रंही विचारत नाही. आपलं सांगणं समोरच्याला पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे, बस्स.

आणि आमच्याकडे? 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आज तिशी ओलांडून गेली. त्यांच्यातल्या कितीजणांना विम्याच्या कागदावरच्या अटी स्वतः वाचून कळतात? कळत नाहीत, म्हणून एजंट बोट दाखवील तिथे सही होते. बोलण्याचंही तेच. सुटे शब्द त्यांना माहीत आहेत हो, वाक्य पुरं होत नाही. कारण वाक्य चुकलं की वर्ग हसतो, आणि कधीकधी मास्तरही.

गुरुजी, बाई, उद्या तो शब्द पुसा. त्या जागी अर्धं पान वाचायला द्या. विम्याच्या अटी द्या, बंदराची नोटीस द्या, क्रिकेटची बातमी चालेल. मग त्यावर प्रत्येकाला चार वाक्यं बोलू द्या, आणि चुकला तर हसणाऱ्याला आधी गप्प बसवा.