परसबागेला मांडव आणि पहाटेचे पाणी

हिवाळ्याच्या अखेरीस निफाडकडे पारा घसरला की द्राक्ष बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवायला धडपडतात. गोंडपिपरीला ती भीती नाही. इथे परसबाग करपते ती चैत्र-वैशाखाच्या उन्हाने. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पावसाळ्यात उत्साहाने लावलेल्या बागेत मे महिन्यात बहुधा वाळक्या काड्याच उरतात.

प्रश्न केवळ बागेचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. अशा वेळी दोन-अडीच महिने ताटातून पालेभाजी नाहीशी होणे परवडणारे नाही.

माणूस घामाने गार राहतो, तसे पान बाष्प सोडून गार राहते. मुळाशी ओल कमी पडली की पानावरची सूक्ष्म छिद्रे मिटतात, पान तापते आणि करपते. टोमॅटोची फुले ३५ अंशांपुढे गळू लागतात. उन्हाळ्यात त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. लाल माठ, चवळी, शेवगा हे ऊन सोसणारे. त्यांच्या कोवळ्या रोपांना बांबूचा मांडव, त्यावर जांभळाच्या फांद्या, बुडाशी चार बोटे धानाचे तणस आणि जमिनीत पुरलेले पाझरते मडके एवढे पुरते. हिरवी जाळी मिळाली तर उत्तम, नाही तर अडत नाही. मडक्याचे तोंड मात्र झाकलेलेच हवे. उघड्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, आणि या जंगलपट्ट्याला हिवतापाची ओळख करून द्यावी लागत नाही.

झाडांना पाणी घालणारी बहुतेक घरची बाईच असते. भरदुपारी ओतलेले पाणी बरेचसे उडून जाते आणि हंडा वाहणारीला ऊन लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. शरीरातले पाणी घटले की त्यांच्या विळ्यासारख्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. म्हणून पाणी पहाटे, सातच्या आत घालावे. सिकलसेल असलेल्याने तर उन्हात हे काम करूच नये.

अर्थात नळालाच दहा-अकराला पाणी येत असेल तर हा सल्ला कोरडाच. परसबागेचे बियाणे वाटणाऱ्यांनी मांडवासाठी चार बांबूही द्यावेत आणि ग्रामपंचायतीने उन्हाळ्यापुरते तरी पाणी पहाटे सोडावे.