जागल्या गावाचा, की पाटलाचा?



आपली सभा भरली, की मागच्या रांगेत साध्या कपड्यातला एक माणूस येऊन बसतो. पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेचा हवालदार. कोण काय बोलले, माणसे किती जमली, पुढचा रास्ता रोको कुठे, हे तो लिहून नेतो. आम्ही त्याला हाकलत नाही, चहा देतो. तोही शेतकऱ्याचाच पोर. आमचा सवाल वेगळा आहे. तो कागद कुणाच्या टेबलावर जातो आणि कशासाठी वापरला जातो?

गुप्तवार्ता खाते नकोच, असे आम्ही म्हणत नाही. बॉम्ब ठेवणारा, दंगल पेटवणारा आधी कळलाच पाहिजे. गावाला जागल्या लागतोच. पण चोर सोडून तो पाटलाच्या विरोधकांच्या दारावर पाळत ठेवू लागला, तर तो गावाचा राहिला का?

2022 साली पुण्यात आणि मुंबईत कुलाब्याला दोन गुन्हे नोंदले गेले. 2017-18 मध्ये नाना पटोले, बच्चू कडू यांचे फोन अमली पदार्थ विकणाऱ्यांचे म्हणून, खोट्या नावांनी ऐकले गेले, हा पुण्यातला आरोप. 2019 मध्ये संजय राऊत, एकनाथ खडसे यांचे फोन राज्य गुप्तवार्ता विभागाने ऐकले, हा कुलाब्याचा. एका सरकारच्या काळात गुन्हे नोंदले. सरकार बदलले. कुलाब्याच्या प्रकरणात खटल्याची परवानगी नाकारली गेली. सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. दोषी कोण, हे आम्ही ठरवणार नाही. पण आमदार-खासदारांच्या बाबतीतही सत्य काय ते खुर्ची बदलली की बदलते. मग पाथर्डी-शेवगावच्या कापूसवाल्याची काय कथा?

1 जून 2017 ला आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. 3 जूनला पहाटे मुंबईत काही प्रतिनिधींनी तो मागे घेतल्याचे जाहीर केले आणि आपल्यात फूट पडली. तेव्हा कुणाचा फोन ऐकला, असे आम्ही म्हणत नाही. पण कोण कुठे वाकेल हे समोरच्याला आधीच ठाऊक असेल, तर ती वाटाघाट बरोबरीची राहील का?

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली फोन ऐकण्यावर बंधने घातली. इंग्रजांचा 1885 चा तार कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला. तरी राज्यात परवानगी देणार गृहसचिव, आणि ती तपासणार मुख्य सचिवांची समिती. कुंपणही सरकारचे, राखणदारही सरकारचाच! दिल्लीचा गुप्तचर विभाग 1887 पासून चालतो, त्याच्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. ज्यांनी तो विभाग काढला, त्या इंग्रजांनी स्वतःच्या देशात 1989 आणि 1994 साली कायदे केले, खासदारांची देखरेख समिती नेमली.

कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग आल्याशिवाय बोंडअळीवर फवारू नका, असे आम्ही तुम्हाला सांगतो. अळीला नियम आहे. माणसाच्या फोनला नको?

आमच्या मागण्या चार :

1. गुप्तवार्ता खात्याची कामे आणि मर्यादा कायद्याने ठरवा. रास्त भावाचे आंदोलन हा सुरक्षेला धोका नव्हे, हे त्यात लिहा.
2. फोन ऐकण्याची परवानगी न्यायाधीशांनी द्यावी.
3. खात्याच्या प्रमुखाला ठरावीक मुदत द्या. देखरेख समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्या.
4. चौकशीत काही न निघाल्यास, ज्याचा फोन ऐकला त्याला नंतर लेखी कळवा.

आज सत्तेत असणारे उद्या विरोधात बसतील, तेव्हा हाच कायदा त्यांनाही वाचवील. गावोगाव हा ठराव करा. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्या हाती द्या आणि पोच घ्या. मागच्या रांगेतल्या हवालदारालाही एक प्रत द्या. त्याने ती वर जरूर पाठवावी.